मनाचं वेबिल

"गुरुजी, हे तांबडं कुणी केलं?"

तोडकर मास्तरांनी माझी वही गुडघ्यावर उघडी धरली होती. सकाळचे सव्वासहा झाले होते. आजऱ्यातल्या वाचनालयाच्या माडीवर आम्ही आठ-नऊ जण सतरंज्यांवर उताणे पडलो होतो. शवासन संपून पाच मिनिटं झाली होती, तरी उठायची कुणाचीच तयारी नव्हती.

"मीच केलं," मी म्हणालो.

"आणि हे निळ्या शाईतलं?"

"तेही मीच."

मास्तरांनी चष्मा कपाळावर चढवला आणि वही डोळ्यांजवळ नेली. "'मला आता शिकवता येत नाही.' हे निळं. त्याच्यावर तांबडी काट. वर तांबड्यात, 'मला उत्तम शिकवता येते.' त्याच्याखाली निळं, 'मुलांना मी नको झालो आहे.' परत काट. 'मुले माझी आतुरतेने वाट पाहतात.' आणि हे तळाला काय? दहापैकी चार?"

"गुण आहेत."

"कुणाला?"

"मला."

शेजारच्या सतरंजीवरून कुणीतरी फिस्सकन हसलं. मास्तर मात्र हसले नाहीत. त्यांनी पान उलटलं. "इथं शेरा बी हाय. 'प्रगती असमाधानकारक.' आणि खाली सही, तारखेसकट."

तोडकर मास्तर गडहिंग्लज डेपोत अठ्ठावीस वर्षं एसटीचे कंडक्टर होते. कंबर गेली म्हणून आसनं शिकले आणि कंबर बरी झाल्यावरही थांबले नाहीत. आमच्याकडे कंडक्टरला मास्तर म्हणतात आणि मीही मास्तरच. घोटाळा नको म्हणून ते मला गुरुजी म्हणायचे.

पंधरा दिवसांपूर्वी त्यांनीच ही वही घालायला सांगितली होती. "आसनं सगळेच करत्यात. तुम्ही स्वाध्याय करा," ते म्हणाले होते. मला धड्याखालचे प्रश्न आठवले. ते म्हणाले, तो नव्हे, योगाच्या पाच नियमांतला चौथा. स्वतःचं वाचन. दिवसभरात जो विचार आपल्याला दमवून जातो, तो आला तसा लिहायचा. बाकी काही करायचं नाही. मी दुकानातून शंभर पानी वही आणली, समास आखला, आणि बाकी सगळं केलं.

त्या वर्षी मी एक्कावन्न वर्षांचा होतो. एकोणतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांमधून शिकवत आलो होतो आणि फार थकलो होतो. कामाचा थकवा मला माहीत होता; तो जेवल्यावर निम्मा उतरतो. हा तसा नव्हता. हा सकाळी डोळे उघडले की अंगावर असायचा, रात्री काढायचे राहिलेल्या कपड्यांसारखा. डॉक्टरांनी रक्त तपासलं, साखर तपासली, आणि सगळं चांगलं आहे असं सांगून मला आणखीच दमवलं.

स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज लिहून तयार होता. शनिवारी केंद्रप्रमुख घोरपडे साहेब आमच्या वाडीच्या शाळेत येणार होते. अर्ज त्यांच्या हातात दिला की सुटलो, असं मी ठरवलं होतं आणि तसं त्यांच्या कानावरही घातलं होतं. घरात सुमित्रेला सांगितलं तेव्हा ती भाकरी थापत होती. तिचा हात थांबला नाही. म्हणाली, "द्या की. मग दिवसभर घरात बसून मलाच प्रश्न विचारणार ना? मी उत्तरं देणार नाही, आधीच सांगून ठेवते."

हा आमचा संवाद बुधवारचा. मास्तरांनी तांबड्या शाईबद्दल विचारलं तो गुरुवार.

"गुरुजी, तुम्ही कधी वेबिल बघितलंय?" मास्तरांनी विचारलं.

"तुमच्या हातात बघितलंय. लांब कागद असतो तो."

"अठ्ठावीस वर्षं लिहिला मी तो. टप्पा आला की लिहायचं, किती चढले, किती उतरले. कोण चांगला, कोण वाईट, कोण दारू पिऊन चढला, ते लिवायला त्यात जागाच न्हाई. तुम्ही काय केलंय? पॅसेंजर चढला की त्याला दारातनं ढकलून दिलाय आणि त्याच्या जागेवर इस्त्रीच्या कपड्यातला एक आणून बसवलाय. तो कुठं चढला ते तुम्हालाच म्हाईत न्हाई."

"पण विचार चुकीचा असेल तर दुरुस्त करायला नको?"

"तुमची वही तुम्हीच तपासताय, गुरुजी. नापास कोण हुतंय, पास कोण हुतंय?" त्यांनी वही मिटून माझ्या हातात दिली. "तांबडं पेन घरात ठेवा. आणि एक करा. विचार आला की तो कुठल्या थांब्यावर चढला, तेवढं लिवा. तुम्ही काय करत हुता, समोर कोण हुतं. बास."

"दोन दिवसांनी मी अर्ज देणार आहे, मास्तर."

"द्या की. दोन दिवस लई झाले."

शाळा आजऱ्यापासून पाच किलोमीटरवर. मी सायकलने जायचो. फेब्रुवारी होता, दोन्ही बाजूंनी काजूला मोहर आला होता. चढ लागला की मी उतरून चालायचो. दोन वर्षांपूर्वी उतरत नव्हतो. आम्ही दोन शिक्षक. पहिली-दुसरी पाटीलबाईंकडे, तिसरी-चौथी माझ्याकडे, एकाच खोलीत. एकतीस मुलं.

त्या दिवशी मी तांबडं पेन खरंच घरी ठेवलं. त्याने खिसा इतका हलका झाला की दोनदा चाचपून बघितला.

पहिला विचार सव्वाअकराला आला. 'आता माझ्याने होत नाही.' मी फळ्याकडे पाठ करून वहीत लिहिलं. समोर कोण होतं? तेही लिहिलं. दुसरा दुपारच्या सुट्टीनंतर. तिसरा भूगोलाच्या तासाला. ओळ लिहिली की हात आपोआप खिशाकडे जायचा, खोडायला. खिशात पेन नव्हतं. न खोडलेली ती वाक्यं दिवसभर वहीत तशीच बसून होती. मला त्यांची लाज वाटत होती, परगावचे पाहुणे यावेत आणि घरात पसारा असावा तशी.

शुक्रवारी सकाळी मास्तरांनी सगळ्यांना प्राणायामाला बसवलं आणि मला खिडकीपाशी बोलावलं. वही वाचायला त्यांना अर्धं मिनिटही लागलं नाही. कंडक्टरची नजर.

"पाच पॅसेंजर," ते म्हणाले. "त्यातले चार एकाच थांब्याला चढलेत. ही छाया कोण?"

मी ते पाहिलंच नव्हतं. लिहिलं मी होतं, पण पाहिलं नव्हतं.

"तिसरीतली मुलगी आहे."

"दंगा करते?"

"छे. काहीच करत नाही. प्रश्न विचारला की उभी राहते आणि खाली बघते. हुशार आहे, लिहिते चांगलं. पण बोलत नाही."

"मग तुम्ही काय करता?"

"पुढच्याला विचारतो."

"किती वेळ थांबून?"

 उत्तर मला माहीत होतं. थांबतच नव्हतो.

मास्तरांनी खिडकीतून खाली बघितलं. खाली दूधवाला कॅन उतरवत होता. मग त्यांनी अगदी सहज विचारलं, तिकीट मागावं तसं, "हा थांबा नवा, का जुना?"

आणि मी ते सांगितलं, जे सुमित्रेलाही सांगितलं नव्हतं.

गेल्या वर्षी चौथीत सारिका पोवार नावाची मुलगी होती. चुणचुणीत. प्रश्न संपायच्या आत हात वर. नवरात्राच्या आसपास एकदा मी भागाकार घेत होतो, डोकं दुखत होतं, आणि तिने उभं राहून काहीतरी भलतंच उत्तर दिलं. मी म्हणालो, "तुझ्या डोक्यात काय शेणकाला भरलाय?" वर्ग खो खो हसला. ती बसली. त्यानंतर तिचा हात वर आला नाही. दिवाळीच्या सुट्टीनंतर ती शाळेतच आली नाही.

"मुलगी माझ्यामुळे गेली, मास्तर," मी म्हणालो. "एकोणतीस वर्षांत मी हेच कमावलं. कुणी खाली मान घालून उभं राहिलं की मला ती दिसते."

मला वाटलं, ते म्हणतील, असं मनाला लावून घेऊ नका. लोक म्हणतात. ते तसं काही म्हणाले नाहीत.

"असंल," ते म्हणाले. "तुमच्यामुळं गेली बी असंल. तिनं सांगितलं?"

"नाही."

"तिच्या आईनं?"

"मी त्यांच्याकडे गेलो नाही. कुठल्या तोंडाने जायचं? पाटीलबाई जाऊन आल्या. घरची अडचण आहे म्हणाली आई. लोक तसंच सांगतात."

"म्हंजे हे सगळं पॅसेंजरनं सांगितलं." त्यांनी वहीवर बोट ठेवलं. "गुरुजी, सव्वा वर्ष तुम्ही त्याला पुढच्या सीटवर बसवून घेऊन फिरताय. त्याचं तिकीट बघितलंय का एकदा तरी?"

मागे कुणाचा तरी श्वास चुकला आणि खोकला सुरू झाला. मास्तर तिकडे गेले.

संध्याकाळी शाळा सुटल्यावर मी आजऱ्याकडे वळलो नाही. सायकल हातात धरून पोवारांच्या घराकडे निघालो. शाळेपासून जेमतेम दहा मिनिटांची वाट. सव्वा वर्षात मला ती पार झाली नव्हती. वाटेत दोनदा परत फिरावंसं वाटलं. दोन्ही वेळा तोच पॅसेंजर होता: आता जाऊन काय उपयोग.

सारिका दारात होती. काखेला दीड वर्षाची एक पोर, तिच्या नाकातून धार लागलेली. सारिका उंच झाली होती. मला बघून तिने आधी ओढणी नीट केली, मग पोरीचं नाक पुसलं.

"आई काजूच्या कारखान्यात गेलीय," ती म्हणाली. "दिवा लागायला येती. बसा गुरुजी. पाणी आणू?"

मी पायरीवर बसलो. पाणी प्यायलो. तांब्या खाली ठेवून परत उचलला. मुलांना मी नेहमी सांगतो की, प्रश्न सरळ विचारा, आढेवेढे नकोत. मला तो प्रश्न सापडेना.

"ही कोण?"

"राणी. आमची धाकटी. हिच्यासाठीच तर घरात हाय मी. आई कारखान्याला लागली नव्हं, हिला कोण बघणार?"

"सारिका," मी म्हणालो. "मी तुला एकदा वर्गात बोललो होतो. शेणकाला म्हणालो होतो. तुझ्या लक्षात आहे?"

ती आठवू लागली. खरोखर आठवू लागली, भुवया आकसून. मग हसली.

"व्हय की! भागाकार हुता. मी शून्य द्यायची इसरलेली." पोरीला तिने दुसऱ्या काखेला घेतलं. "आई तर रोज म्हणते. शेणकाला, दगूड, काय काय म्हणते."

"तू त्यावरून शाळा सोडली नाहीस?"

"त्याच्यावरनं?" तिला तो प्रश्नच कळला नाही. "न्हाई ओ."

मी डोळे मिटले. सव्वा वर्षाचं ओझं एका क्षणात उतरेल असं वाटलं होतं, तसं झालं नाही. पण एक मोकळा श्वास आला. आता उठावं, जावं. मी उठलोही.

"पर तुम्ही मला परत कवाच इचारलं न्हाई," सारिका म्हणाली.

"काय?"

"प्रश्न. त्या दिवसानंतर. आई तवाच म्हणत हुती घरात बस म्हणून. मी म्हणत हुते, चौथी करते. मग मी मोजलं." तिच्या आवाजात तक्रार नव्हती. घडलं तसं सांगत होती. "अलीकडं मंगल बसायची, तिला इचारायचा. मग पलीकडच्या शोभाला. मधी मी. दसरा ते दिवाळी एकदा बी न्हाई. मला वाटलं, गुरुजींना कळलंय मी जाणार म्हणून. तर म्हटलं, बसूया घरात."

राणी रडायला लागली. सारिका तिला हलवत अंगणात दोन येरझाऱ्या घालून आली. मी पायरीपाशीच उभा होतो.

ती दुखावली असेल म्हणून मी तिच्याकडे बघायचं टाळलं होतं. मला तिची खाली घातलेली मान बघवत नव्हती. मी त्याला माझा पश्चात्ताप समजत होतो. आणि ती मान खाली नव्हतीच. ती मोजत होती.

"सात त्रिक?" मी विचारलं. तोंडातून तेवढंच निघालं.

"एकवीस," ती चालता चालता म्हणाली. "इतकं सोपं काय इचारताय?"

तेवढ्यात तिची आई आली. काजूच्या चिकाने काळे पडलेले हात पदराआड लपवत तिने मला नमस्कार केला. मी म्हणालो, "वहिनी, जूनमध्ये हिला चौथीला परत बसवा. राणीलाही बरोबर पाठवा. खोलीत एक सतरंजी जास्तीची आहे."

"आणि ती रडली म्हंजे?" आईने विचारलं.

"एकतीस मुलं आहेत. एक जास्त रडेल."

ती हो म्हणाली नाही. बघू म्हणाली. मीही जास्त बोललो नाही. सायकलवर बसून निघालो, तेव्हा लक्षात आलं की जूनमध्ये ती आली तर शिकवायला मी असणार नव्हतो. अर्ज पिशवीत होता.

शनिवारी सकाळची शाळा. घोरपडे साहेब साडेनवाला आले. भला माणूस. खुर्ची घेऊन ते दाराशीच बसले. "तास संपवा गुरुजी, मला घाई नाही," म्हणाले. मी फळ्यावर अपूर्णांक लिहीत होतो. रात्री झोप लागली होती, तरी खांदे दुखत होते. एका संध्याकाळने थकवा जात नाही. ज्यांचा जातो म्हणतात त्यांना मी भेटलेलो नाही.

"छाया," मी म्हणालो. "अर्धा मोठा, की पाव?"

ती उभी राहिली. खाली बघू लागली.

आणि पॅसेंजर चढला. बरोबर त्याच थांब्यावर. 'बघ, तुझ्याने होत नाही.' मी तो चढताना पाहिला. त्याला ढकललं नाही, पुढच्या सीटवरही बसवलं नाही. म्हटलं, चढ-उतर कर बाबा, मी कामात आहे. आणि थांबलो.

वर्गात थांबणं काय असतं ते शिक्षकाला विचारावं. पाच आकड्यांपर्यंत मुलं श्वास धरतात. दहापर्यंत चुळबुळ करतात. पंधराला पहिला हात वर येतो, मग दुसरा. "गुरुजी, मी? गुरुजी, मी सांगू?" मी मान हलवून नाही म्हटलं. साहेबांनी खुर्ची किंचित सरकवली. बाहेर पाटीलबाईंची मुलं बाराखडी म्हणत होती, ती ख वरून ग वर गेली. छायाच्या पायाचा अंगठा जमिनीवर गोल काढत होता. मी त्या गोलाकडे बघितलं नाही. तिच्याकडे बघितलं. आणि तेव्हा मला दिसलं की तिचे ओठ हलताहेत. कधीपासून हलत असतील देव जाणे. ती गप्प नव्हती. ती उत्तर तयार करत होती आणि तोपर्यंत मी रोज पुढे निघून जात होतो.

"पाव," छाया म्हणाली.

वर्ग फुटला. "अर्धा! अर्धा गुरुजी! पाव न्हाई!"

"गप बसा," मी म्हणालो. "छाया, पाव का?"

"चार असत्यात त्यात," ती अगदी हळू म्हणाली. "चार मोठे. दोनापेक्षा."

उत्तर चूक होतं. पण ते कुठून आलं, ते तिने मला सांगितलं होतं. इतक्या महिन्यांत त्या खोलीत कुणी मला इतकं सांगितलं नव्हतं. मी विचारलंच नव्हतं. माझा हात खिशाकडे गेला, तिथे काही नव्हतं.

"बरोबर नाही," मी म्हणालो, "पण चार कुठून आणलेस ते मला कळलं. बस. घरी एक भाकरी घे, तिचे चार तुकडे कर आणि दुसरीचे दोन. बघ काय होतंय. उद्या परत विचारणार तुला."

मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, "गुरुजी, उद्या ऐतवार हाय!"

सगळे हसले. छायाही हसली, तोंडावर हात ठेवून. दारातून घोरपडे साहेबही हसले आणि त्यांनी अर्जासाठी हात पुढे केला.

"मग सोमवारी," मी म्हणालो. "सोमवारी विचारतो."

मी पिशवीकडे वळलो नाही. मग साहेबांनी हात मागे घेतला, आपल्या पिशवीतून तपासणीचा कागद काढला आणि विचारलं, "पट किती आहे हो तुमचा?"

"एकतीस," मी म्हणालो. "जूनमध्ये तेहेतीस होईल बहुतेक."